मोटारगाडी : नवी घ्यावी की जुनी?
मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबासाठी खरेदीचा हिशेब

एके काळी डॉक्टर, वकील, कारखानदार आणि मोठे बागाईतदार यांच्याच दारी दिसणारी मोटारगाडी आज तालुक्याच्या गावातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, बँकेतील कर्मचारी आणि मध्यम शेतकरी यांच्या अंगणात येऊन उभी राहिली आहे. घर आणि मुलांचे शिक्षण वगळल्यास अशा कुटुंबाच्या हातून होणारा हा बहुधा सर्वांत मोठा खर्च होय. असे असूनही या खर्चाचा निर्णय पुष्कळदा एखाद्या शेजाऱ्याच्या शब्दावर किंवा "महिन्याचा हप्ता किती?" एवढ्या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर घेतला जातो. नवी गाडी घ्यावी की वापरलेली, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. तथापि, ते उत्तर प्रत्येक कुटुंबाला स्वतःपुरते काढता येईल, अशी हिशेबाची रीत मात्र निश्चित आहे.

काळ बदलला, प्रश्न बदलला

१९८३ पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. ॲम्बॅसॅडर किंवा मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांसारख्या मोजक्या गाड्या उपलब्ध होत्या आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नवी गाडी मिळत नाही म्हणून लोक जुनी घेत. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढे १९९० च्या दशकात या उद्योगावरील निर्बंध सैल झाल्यावर टंचाई संपली. आज नवी गाडी मागेल त्याला मिळते. त्यामुळे जुन्या गाडीचा विचार करण्याचे मुख्य कारण आता पैशाची बचत हेच उरले आहे. ही बचत खरोखर किती होते आणि ती कोणत्या अटींवर टिकते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मूल्य कसे उतरते?

नव्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच विरून जातो. विमा कंपन्या गाडीची विमा रक्कम ठरविताना घसाऱ्याचे जे कोष्टक वापरीत आल्या आहेत, त्यावरून याची कल्पना येते. गाडीच्या वयानुसार तिच्या मूळ किमतीतून पुढीलप्रमाणे वजावट केली जाते :

६ महिन्यांपर्यंत – ५ टक्के
६ महिने ते १ वर्ष – १५ टक्के
१ ते २ वर्षे – २० टक्के
२ ते ३ वर्षे – ३० टक्के
३ ते ४ वर्षे – ४० टक्के
४ ते ५ वर्षे – ५० टक्के

हे कोष्टक विम्यासाठी आहे. बाजारातील भाव त्याहून थोडा अधिक किंवा उणा असू शकतो. ज्या गाडीचे सुटे भाग गावोगाव मिळतात तिचा भाव टिकतो, तर जिचे उत्पादन बंद पडले तिचा कोसळतो. परंतु सौदा करताना हाती धरावयास हे माप उपयुक्त आहे. त्यात एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. घसारा मोजावयाचा तो त्या नमुन्याच्या आजच्या नव्या किमतीवरून, विकणाऱ्याने पूर्वी मोजलेल्या किमतीवरून नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारगाड्यांवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीही त्या प्रमाणात स्वस्त व्हावयास हवी. "मी इतक्याला घेतली होती" हे विकणाऱ्याचे म्हणणे खरे असले, तरी ते आजच्या भावाचा आधार होऊ शकत नाही.

नव्या गाडीच्या खरेदीत शोरूमच्या किमतीवर आणखी भर पडते. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या, १० लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहन कर द्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीसोबत तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. राज्यातल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाडीवर हा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. नव्या मालकाच्या पदरात हा एक लाभ आपोआप पडतो.

पाच वर्षांचा हिशेब

गाडीची किंमत आणि गाडीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा खर्च काढण्यासाठी खरेदीची रक्कम, कर्जावरील व्याज, विमा आणि दुरुस्ती यांची बेरीज करून तीतून शेवटी गाडी विकून येणारी रक्कम वजा केली पाहिजे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पुढील आकडे समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे भाव व आपल्या बँकेचा दर घालावा.

एका शिक्षकाजवळ २ लाख रुपये शिल्लक आहेत. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पहिला पर्याय नव्या गाडीचा. शोरूमची किंमत ६,००,००० रुपये, कर ६६,००० रुपये आणि विमा, नोंदणी इत्यादींचे ३४,००० रुपये, असे एकूण ७,००,००० रुपये होतात. ५ लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये पडतो आणि व्याज सुमारे १,२३,००० रुपये जाते. पुढील विम्याचे ६०,००० आणि देखभालीचे ५०,००० रुपये धरू. पाच वर्षांनी गाडी ३,००,००० रुपयांना विकली गेली, तर निव्वळ खर्च ६,३३,००० रुपये होतो.

दुसरा पर्याय त्याच नमुन्याच्या, चौथे वर्ष चालू असलेल्या गाडीचा. वरील कोष्टकाप्रमाणे तिची किंमत ३,६०,००० रुपये. तपासणी, नावावर करण्याचा खर्च, चार टायर, बॅटरी व सर्व्हिसिंग यांसाठी ४५,००० रुपये धरल्यास गाडी ४,०५,००० रुपयांना पडली. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः अधिक असतो आणि मुदत कमी असते. २ लाखांचे कर्ज १४ टक्के दराने ३ वर्षांसाठी घेतल्यास व्याज सुमारे ४६,००० रुपये होते. पाच वर्षांच्या विम्याचे ५०,००० आणि दुरुस्तीचे १,२५,००० रुपये. शेवटी गाडी १,५०,००० रुपयांना विकली, तर निव्वळ खर्च ४,७६,००० रुपये होतो.

म्हणजे जुन्या गाडीमुळे पाच वर्षांत १,५७,००० रुपये, दरमहा सुमारे २,६०० रुपये वाचतात. सामान्य कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. परंतु ती फार मोठीही नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. इंजिनाचे काम काढावे लागले, गिअरबॉक्स बदलावा लागला किंवा गाडी अपघातात सापडून पुन्हा उभी केलेली निघाली, तर ही सारी बचत एका झटक्यात नाहीशी होऊ शकते. जुन्या गाडीच्या व्यवहारातील बचत ही तिच्या निर्दोषपणावर अवलंबून असते. म्हणूनच तपासणी हा त्या व्यवहाराचा गाभा आहे.

वापर किती, हे आधी ठरवावे

निर्णयाचा दुसरा आधार म्हणजे वर्षाचा वापर. वरील जुनी गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालली, तर इंधन वगळून तिचा वार्षिक खर्च सुमारे ९५,००० रुपये पडतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीचे ॲव्हरेज १८ किलोमीटर धरल्यास इंधनाचे ३५,००० रुपये होतात. म्हणजे दर किलोमीटरला जवळजवळ २२ रुपये पडले. हीच गाडी वर्षाला केवळ ३,००० किलोमीटर चालली, तर हा दर ३७ रुपयांच्या घरात जातो. लग्नकार्य, दवाखाना आणि वर्षातून एकदोन प्रवास एवढाच उपयोग असेल, तर एस.टी. आणि गरजेपुरती भाड्याची गाडी यांचा खर्च याच्याशी ताडून पाहावा. गाडी न घेणे हाही एक सुजाण निर्णय असू शकतो.

याउलट, ज्यांना नोकरीच्या गावी दररोज ४०-५० किलोमीटर जावे-यावे लागते त्यांचा वापर वर्षाला १२,००० ते १५,००० किलोमीटरपर्यंत जातो. अशा वापरात जुनी गाडी लवकरच क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर अशा मोठ्या कामांच्या टप्प्याला पोचते. गाडी गॅरेजमध्ये असताना रजा पडते किंवा भाड्याची गाडी करावी लागते, तो खर्च वेगळाच. हप्ता झेपत असेल, तर अशा कुटुंबाने लहान नव्या गाडीचा विचार करणे श्रेयस्कर ठरते. कमी ते मध्यम वापर असलेल्यांना तीन ते पाच वर्षे वयाची, एकाच हातची गाडी सोयीची पडते.

एका मोहापासून मात्र दूर राहिले पाहिजे. लहान नव्या गाडीच्या पैशात दहा-बारा वर्षांची मोठी, ऐसपैस गाडी मिळते, असे अनेकदा दिसते. अशा गाडीची किंमत उतरलेली असते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत उतरलेली नसते. तिचे टायर, ब्रेक आणि इंधन यांचा खर्च मोठ्या गाडीचाच राहतो. शिवाय वैयक्तिक गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाच्या शुल्कात मोठी वाढ झाली असून महाराष्ट्रात अशा गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो.

सुरक्षिततेची वर्षरेषा

जुन्या गाडीचे वय केवळ किमतीच्या दृष्टीने पाहून भागत नाही. चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून असलेली अँटिलॉक ब्रेकची व्यवस्था एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत अनिवार्य झाली. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि चालकाशेजारच्या आसनासाठी २०२१ अखेरपासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या स्वस्त नमुन्यांत या सोयी असतीलच, असे नाही. त्यामुळे दोन जुन्या गाड्यांच्या किमतीत २०-३० हजारांचाच फरक असेल, तर या मर्यादेनंतरची गाडी निवडावी. हा फरक म्युझिक सिस्टिम किंवा अलॉय व्हील यांसाठी मोजण्यापेक्षा कुटुंबाच्या जिवासाठी मोजणे केव्हाही योग्य.

त्याचप्रमाणे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला तोंड देतील असे भाग गाड्यांत बसविले जाऊ लागले. त्याआधीची गाडी घेताना इंधनवाहिनीच्या रबरी नळ्या व जोड मेकॅनिककडून अवश्य पाहून घ्यावेत.

गाडीची तपासणी

गाडी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू करताच धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दाखवितो. काळा धूर इंधन पूर्णपणे जळत नसल्याचे चिन्ह आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंटचे पाणी इंजिनात शिरत असल्याचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसल्यास हा संशय बळावतो.

मीटरवरील किलोमीटर मागे फिरविता येतात. म्हणून अधिकृत वर्कशॉपमधील सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि खचलेले चालकाचे आसन हे मीटरपेक्षा अधिक खरे बोलतात. ३० हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीचे पेडल पार झिजलेले असेल, तर तेथेच थांबावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात.

दरवाजे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत काय, रंगाच्या छटेत फरक आहे काय, बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत काय, हे पाहिल्यास अपघातानंतरचे डेंटिंग-पेंटिंग ओळखू येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांचा अनुभव असलेल्या आपल्या राज्यात पाण्यात बुडालेली गाडी ओळखता येणे विशेष आवश्यक आहे. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे. सतरंजीखालचा पत्रा, आसनांखालचे लोखंडी रूळ आणि स्टेपनीची जागा यांवर गंज किंवा माती आहे काय, आत कुबट वास येतो काय, तेही तपासावे. पाण्यात राहिलेल्या गाडीतील वायरिंगचे दोष महिन्यांनंतर डोके वर काढतात.

सी.एन.जी. गाडी असल्यास तिच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाल्याचे प्रमाणपत्र पाहावे आणि सी.एन.जी.ची नोंद आर.सी. बुकात आहे याची खात्री करावी. शेवटी गाडी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडे नेऊन दाखवावी. विकणाऱ्याने सुचविलेला मेकॅनिक नको. हजार-दोन हजार रुपयांची ही मजुरी दीड लाखाच्या बचतीचे रक्षण करते. जो विकणारा तपासणीस नकार देतो त्याची गाडी घेऊ नये.

कागदपत्रे : व्यवहाराचा खरा शेवट

चावी हाती आली म्हणजे गाडी आपली झाली, हा समज सर्वाधिक घातक आहे. आर.सी. बुकातील चासिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. परिवहन विभागाच्या संगणकीय नोंदीत मालकाचे नाव, मालकाचा अनुक्रमांक, विमा व पी.यू.सी.ची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकीत ई-चलन यांची माहिती मिळते. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय पैसे देऊ नयेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. नमुना २९ व ३० हे त्यासाठीचे अर्ज होत. लोकभाषेत त्यांना टी.टी. फॉर्म म्हणतात. दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त मिळाली, तरी तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा नोंदणी क्रमांक यांचा खर्च व वेळ हिशेबात धरावा.

सह्या केलेले कोरे टी.टी. फॉर्म देऊन व्यवहार मिटविण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. घेणारा ते फॉर्म कपाटात ठेवतो, पुढे गाडी तिसऱ्याला विकतो आणि नाव मात्र पहिल्याचेच राहते. याचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयावरून दिसून येते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, परंतु नोंद बदललेली नव्हती. अपघातात एकाचा मृत्यू झाला. अपघाताच्या दिवशी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. गाडी विकून दोन वर्षे झाली, पैसेही खर्चून गेले आणि तिसऱ्याच माणसाच्या हातून झालेल्या अपघाताची नोटीस आपल्या दारी आली, असा प्रसंग केवळ एका अर्जाच्या आळसामुळे ओढवू शकतो.

विम्याचेही तसेच आहे. कलम १५७ प्रमाणे गाडीसोबत विमापत्रही नव्या मालकाकडे जाते असे मानले जाते, तथापि त्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज केला पाहिजे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीची नसून व्यक्तीची असते. ती जुन्या मालकाकडेच राहते, म्हणून नव्या मालकाला विम्याचा हप्ता थोडा अधिक पडेल, हे आधीच धरून चालावे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून खरेदी करावयाची असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. अशा व्यापाऱ्यांसाठीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ नमूद केलेली पावती दोन्ही पक्षांनी ठेवावी. शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक बाब विसरू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार विहित मर्यादेपेक्षा अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती कार्यालयास द्यावी लागते. हे गाडी घेताना जसे लागू आहे, तसेच ती विकतानाही लागू आहे.

सारांश

वर्षाचा वापर अल्प असल्यास गाडी घेण्याची घाई नको. वापर बेताचा असून विश्वासू मेकॅनिक व संपूर्ण कागदपत्रे मिळत असतील, तर तीन ते पाच वर्षांची लहान गाडी हा काटकसरीचा मार्ग आहे. रोजचा लांबचा प्रवास असेल किंवा गाडी पारखून घेण्याची सोय नसेल, तर लहान नवी गाडी घ्यावी, मात्र तिचा हप्ता घरखर्च व बचत यांना धक्का न लावता झेपला पाहिजे. गाडी कोणतीही असो, हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत ओतू नये. विशेषतः जुन्या गाडीसाठी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे ३०-४० हजार रुपये बाजूला ठेवलेले असावेत.

गावात अशा व्यवहाराच्या वेळी शिक्षक, पंचायत सदस्य किंवा अधिकारी यांचा सल्ला घेतला जातो, कित्येकदा साक्षीदार म्हणून त्यांची सही मागितली जाते. अशा वेळी त्यांनी गाडीचा रंग आणि ॲव्हरेज यांच्याआधी आर.सी. बुक मागावे आणि नावावर करण्याचा अर्ज कोणत्या तारखेस दाखल होणार, हे दोघांकडून तेथेच लिहून घ्यावे. साक्षीदाराची सही त्यानंतर करावी.